आधी व्याज, मग मुद्दल

सुट्टीच्या दिवशी लॉन्ड्री मुकी असते. बॉयलर गार, प्रेसचा जबडा उघडा, आणि वरच्या दांडीला टांगलेले परक्यांचे कोट-सदरे खांद्याला खांदा लावून असे उभे, की जणू बैठकीला तेच आधी येऊन थांबलेत. बाकीचे चारला यायचे होते. आत्या दोनलाच आली. इस्पितळाच्या साठ चादरी उद्या सकाळी जायच्या होत्या, आणि चादरीला सुट्टी कळत नाही.

खरं तर तिला चादरींचं निमित्तच हवं होतं. हात कामात असले की मन जरा गप्प बसतं.

तिच्या मागोमाग धाकट्या भावाची मुलगी आली. बहिऱ्यांचे कान तपासून यंत्रं बसवायचं शिकली तेव्हा थोरल्या भावानं, दादानं, तिला ‘कानवाली’ म्हणायला सुरुवात केली, आणि नाव असं चिकटलं की आता तिच्या दवाखान्यातले म्हातारेही तेच म्हणत. तिनं पिशवी खुंटीला लावली, बाह्या सारल्या, आणि न सांगता चादरीचं दुसरं टोक धरलं.

चादरीची घडी एकट्यानं घालायची गोष्ट नव्हे. दोघींनी चार पावलं लांब जायचं, ताण द्यायचा, एक झटका, की कापडातली हवा फट्कन बाहेर पडते. मग चालत एकमेकींकडे यायचं, टोकं एकीच्या हातात द्यायची, खाली लोंबणारा काठ दुसरीनं उचलायचा, पुन्हा लांब. दिवसभर हे केलं तर दोन बायका गावभर चालून येतात आणि खोलीबाहेर पाऊल पडलेलं नसतं. आत्याची आई हे काम गाण्यावर करायची:

एक टोक तुझ्या हाती, एक टोक माझ्या हाती,
ताण दे गं बेतानं, तेव्हा धागे टिकताती.

“आणलेस?” आत्यानं विचारलं.

“आणलेत. एक लाख वीस.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे कुठले, आत्या? चार घेतले होते. दोन ऐंशी दिले. आज एक वीस. चार झाले की.”

“वहीत तसं नाहीये.”

“वहीत कसंय ते मला पाठ आहे,” कानवाली म्हणाली. राग नव्हता आवाजात. चालत जवळ आली, टोकं आत्याच्या हातात दिली. “चार लाख आठ हजार. नऊ वर्षं झाली, जितके घेतले त्याहून आठ हजार जास्तच राहिलेत. मी माझ्या एका पेशंटला सांगितलं, तर म्हणाला, पोरी, तुझ्या कानात काहीतरी बिघाड आहे, नीट ऐक.”

आत्या हसली नाही. कारण वहीतला प्रत्येक आकडा तिच्याच अक्षरात होता, आणि बरोबर होता.

घराण्यात या पैशाला खिशांची पेटी म्हणत. आत्याच्या वडिलांनी, आबांनी, लॉन्ड्री काढली तेव्हा धुवायला आलेल्या कपड्यांच्या खिशांत नाणी सापडायची, कधी नोटही. नोट वाळवून, इस्त्री करून गिऱ्हाइकाला परत जायची. पण मालक परत येतच नसे असे कपडेही होते. वर्षभर वाट पाहून त्या खिशांतले पैसे आबा एका पत्र्याच्या पेटीत टाकत. कुणाचे तरी विसरलेले पैसे. आपल्या पोटाला लावायचे नाहीत, पोरांच्या शिक्षणाला लावायचे. पुढे प्रत्येकानं कमावून त्यात भर घातली. दादा त्यातून शिकला, धाकटा शिकला, धाकट्याची मुलगी शिकली. देताना आबांची अट एकच. वर्षाला शेकडा आठ सरळ व्याज, आणि ते पैसे उचलले त्या दिवसापासून. जो काही भरणा येईल त्यातून आधी व्याज, मग मुद्दल.

ती अटही त्यांनी लॉन्ड्रीतूनच उचलली होती. वेळेत न नेलेला कोट दांडीवर हूक अडवून बसतो, म्हणून आठवड्यामागे हुकाचं भाडं. “पैसा म्हणजे कोटच,” आबा म्हणत. “तू नेलास तो परत येईपर्यंत पुढच्या पोराचा हूक अडलेला. भाडं नको?”

कानवालीनं पैसे एकदम उचलले होते. कॉलेजला तसेच लागले. शिकायची चार वर्षं व्याज चढलं. मग एक वर्ष नोकरी, त्यात ऐंशी हजार दिले, ते सगळे व्याजात गेले. मग आबा पडले. अर्धं अंग गेलं, वाचाही अर्धी. तेव्हा कोणी राहायचं यावर याच टेबलाभोवती बैठक बसली होती, आणि सगळ्यांना काही ना काही होतं, म्हणून कानवाली राहिली. दोन वर्षं. व्याजही राहिलं, तिच्यासोबत, मुक्कामाला. आबा गेल्यावर दोन वर्षांत तिनं दोन लाख दिले. तेही व्याजातच.

“खोलीचं काय म्हणतोय तो?” आत्यानं विचारलं.

“महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय.” चौकातल्या औषधाच्या दुकानावरची एक खोली तिनं बघून ठेवली होती, स्वतःच्या दवाखान्यासाठी. रस्त्याकडून जाड भिंत, आवाज आत येत नाही; कान तपासायला तसंच लागतं. “आज खातं मिटलं तर पुढच्या पगारातून भाडं देईन. नाही मिटलं तर अजून साडेतीन वर्षं पेटी. तोवर तिथं केस कापायचं दुकान निघेल.”

घडी पुरी झाली. आत्यानं ती चळतीवर ठेवली आणि तळहातानं दाबली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

कारण वहीत आणखी एक पान होतं, दादाचं. सगळं घराणं ज्याच्याकडे बोट दाखवायचं ते. दादानं व्याजासकट फेडलं, दादानं कधी हूं की चूं केलं नाही. त्या पानावरचे शेवटचे पस्तीस हप्ते, महिन्याला ऐंशी, दादानं दिलेलेच नव्हते. ते विशीतल्या आत्यानं गल्ल्यावर बसल्याच्या आपल्या नव्वदच्या पगारातून भरले होते. दादाचा कारखाना बंद पडला होता आणि बाळ सातव्या महिन्यात जन्मलेलं, काचेच्या पेटीत. तिनं त्याला परगावी चिठ्ठी टाकली होती: पेटीची काळजी करू नको, ते मिटलं आहे, बाळाला जप. आबांना अक्षर बेताचं. ते महिन्याअखेर फक्त बेरीज विचारत, आणि बेरीज तर जमत होती. दादाला वाटलं असेल, आधीच्या हप्त्यांतच फिटलं. आत्यानं कधी उलगडून सांगितलं नाही. तिला कापडाच्या रंगांचं एक शिक्षण घ्यायचं होतं, तेही त्या तीन वर्षांत मागं पडलं ते पडलंच. अडतीस वर्षं तिला वाटायचं, आपण भावावर माया केली. गेल्या आठवड्यात, कानवालीचा हिशेब मांडताना, पहिल्यांदा वाटलं की आपण मायेच्या नावाखाली एक खोटा दाखला लिहून ठेवलाय, आणि तो दाखवून आता ह्या पोरीला पिळणार आहेत.

चारला दादा आला. मागे वहिनी, आणि त्यांची नात, हातात कागदांचं पाकीट घट्ट धरून. तिला कृत्रिम हातपाय बनवण्याच्या कॉलेजात जागा मिळाली होती. पहिल्या वर्षाचे दीड लाख सोमवारपर्यंत भरायचे होते. पेटीत साठ हजार होते. तिची आई, म्हणजे तेच सातव्या महिन्याचं बाळ, आज कामावर होती, आणि तिच्या एकटीच्या पगारात दीड लाख बसत नव्हते.

धाकटा बॉयलरच्या खोलीतून हात पुसत आला. सगळे कपडे निवडायच्या लांब टेबलाभोवती बसले. खुर्च्या पाचच, म्हणून कानवाली उलट्या टोपलीवर.

“वर बस गं,” वहिनी म्हणाली. “टोपलीत बसलीस तर धुवायला टाकतील.”

“धुऊनच निघणार आहे मी आज, काकू.”

“बघा, सुरुवात झाली.”

दादानं चष्मा पुसला. आयुष्यभर यंत्रांची देखभाल केलेला माणूस. कुठलंही बोलणं आधी उघडून, तेल घालून मगच चालू करायचा. “टाचणे,” तो बहिणीला म्हणाला. कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या लावताना लहानपणी तिच्या ओठांत कायम टाचण्या असत, त्यावरून. “वही आण. भांडायला नको. आकडे आहेत, आकड्यांनी बोलू.”

आत्यानं वही आणून समोर ठेवली. उघडली नाही.

कानवालीनं आपलं मांडलं. पाठ केल्यासारखं नाही, थांबत थांबत. “मोठे काका, मी पैसे बुडवत नाहीये. जितके घेतले तितके पुरते देतेय. पण शिकत असताना माझी कमाई शून्य होती, तेव्हाही व्याज. आबांना चमच्यानं भरवत होते, तेव्हाही व्याज. मी त्यांना भरवायचे आणि त्यांची पेटी माझ्याकडून खायची.”

“असं बोलू नये,” दादा म्हणाला.

“बरं, नाही बोलत. पण एक सांगा. कोटाचा मालक इस्पितळात असला तर आबा हुकाचं भाडं घ्यायचे?”

सगळ्यांना ठाऊक होतं. मालक आजारी असल्याचं कळलं की आबा त्या हँगरला निळा दोरा बांधत, आणि निळ्या दोऱ्याच्या कपड्याला भाडं नसे.

“परक्याच्या कोटाला निळा दोरा,” कानवाली म्हणाली, “आणि स्वतःच्या नातीला नाही.”

“अगं पण ते भाडं म्हणजे दोन-चार नाणी,” वहिनी म्हणाली. “इथं पोरीचं वर्ष अडलंय. तुझं व्याज म्हणजे हिची फी, हे कळतंय ना तुला? आम्ही काय ते व्याज दागिन्यांत घालणारोत?”

“कळतंय, काकू. म्हणून तर एक वीस आजच आणलेत.”

“त्यानं पहिलं वर्ष भागेल. दुसरं?”

“वहिनी, दुसरं वर्ष दुसऱ्या वर्षी येतं,” धाकटा म्हणाला.

“तुम्ही मुलीचे वडील. तुम्ही तिच्याच बाजूनं बोलणार.”

“मी कुठं बोललो? मी कॅलेंडर सांगितलं.”

दादानं हात वर केला. “हे बघा. व्याज वाईट म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण मी शिकलो तेव्हा सहा हजारांत झालं. हिला चार लाख लागले. हिला,” त्यानं नातीकडे पाहिलं, “सहा लागतील. घेतले तितकेच परत आले तर पेटी दर पिढीला लहान होत जाणार, आणि एक दिवस कुणाच्या तरी पोरानं ती उघडली की आत पुस्तकापुरते पैसे. आबा खडूस नव्हते. पेटी जिवंत ठेवायची तर तिला खायला घालावं लागतं.”

हे खरं होतं, आणि आत्याला माहीत होतं की हे खरं आहे. कानवालीलाही माहीत होतं.

“मग मी खायला घालीन,” ती म्हणाली. “खातं मिटल्यावर दर महिन्याला दोन हजार टाकीन, दवाखाना चालला तर तीन. पण ते माझं देणं म्हणून लिहू नका. मी टाकले म्हणून लिहा.”

“फरक काय त्यात? पैसे तेच.”

“मला फरक आहे.”

“आणि मन बदललं तर? लग्न झालं, घर झालं, मग?”

“तर नाही टाकणार,” कानवाली म्हणाली. “म्हणून तर ते माझे असतील ना, काका.”

धाकट्यानं हसू दाबलं. वहिनीनं ते पाहिलं. “हसा. तुम्ही दोघं बापलेक हसा. आमच्या वेळी कुणी हसलं नाही. ह्यांची नोकरी गेलेली, माझं लेकरू काचेच्या पेटीत, तरी ह्यांनी पै अन् पै चुकती केली. व्याजासकट. दूधवाल्याला तोंड चुकवत होते मी, पण पेटीला नाही.”

दादानं चष्मा पुन्हा काढला. आधीच पुसलेला होता.

तेवढ्यात नात बोलली. ती आतापर्यंत इतकी गप्प होती की ती बोलली तेव्हा सगळ्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. “आजोबा, तुम्हाला फेडायला किती वर्षं लागली?”

“मला? लागली की. बरीच.”

“म्हणजे किती? मी घेतले तर मलाही तितकीच लागतील. मला आधीच माहीत असलेलं बरं. कानमावशीला नव्हतं.”

“हुशार आहे,” धाकटा म्हणाला. “ताई, वाच ना दादाचं पान. होऊन जाऊ दे. दोघींनाही कळेल, कसं फेडतात ते.”

“कशाला जुनं,” दादा म्हणाला.

“वाच गं,” वहिनी म्हणाली. “मलाही ऐकू दे एकदा.”

आत्यानं वही उघडली. पानं पिवळी, कडांना खळीचा जुना कडकपणा. तिला वाटलं, नुसती शेवटची ओळ वाचली तरी चालेल. ‘पूर्ण फिटलं.’ दोन शब्द. अडतीस वर्षं याच दोन शब्दांवर घर निवांत झोपलं होतं. वाचून वही मिटावी, कानवालीनं अजून साडेतीन वर्षं भरावं, दादानं मान ताठ ठेवावी, कुणाचंही काही बिघडणार नाही, एका खोलीत केस कापायचं दुकान निघेल इतकंच.

टोपलीवर बसून कानवालीचे गुडघे वर आले होते. लहानपणी ती अशीच बसायची, खिसे तपासायला. प्रत्येक खिसा उलटा करायची आणि सापडलेलं नाणं पळत आणून द्यायची. एकदाही ठेवून घेतलं नाही.

“शेवटचे पस्तीस हप्ते,” आत्या म्हणाली, “ऐंशी-ऐंशीचे. दोन हजार आठशे होतात. हे दादानं भरलेले नाहीत.”

कुणाला आधी कळलंच नाही.

“मी भरलेत. माझ्या पगारातून. वहीत दादाच्या नावावर लिहिलेत.” ती वहिनीकडे वळली. “वहिनी, तुमचं खोटं नाही. तुम्ही दोघांनी ओढाताण सोसली, मी बघितलंय. पण ते तुमच्याकडून फिटलं नव्हतं. तेव्हा दादाला कुणीतरी सोडायला हवं होतं, आणि आबा सोडणार नव्हते, म्हणून मी चोरून सोडवलं. मला वाटलं, भलं केलं. पण उघड केलं असतं तर त्याच दिवशी ह्या घरात प्रश्न पडला असता, की ज्याच्या घरी आजारपण आहे त्याच्याकडून व्याज घ्यायचं का. तो प्रश्न मी पडू दिला नाही. तो हिच्या वाट्याला आला.”

वहिनीनं तोंडावर पदर नेला आणि तसाच ठेवला. “अगं, त्याच वर्षी मी पडदे घेतले होते,” ती म्हणाली. “नवे. निळे. तू आलीस तेव्हा म्हणालीस, छान आहेत.”

“छानच होते, वहिनी.”

“मी त्यांच्या झालरीसाठी तुझ्याकडूनच उसने घेतले.”

“ते परत दिलेत तुम्ही.”

धाकटा हसला, आणि मग त्याला हसल्याचं बरं वाटलं नाही. सगळे दादाकडे बघत होते. आत्याही. ती रागाची वाट बघत होती. निदान, मला आधी का नाही सांगितलंस, एवढं तरी.

दादा वहीकडे पाहत होता. एकेका हप्त्यावरून बोट फिरवत खाली आला.

“मला ठाऊक होतं, माझे नाहीत,” तो शेवटी म्हणाला. “मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. सहा हजारांचं शेकडा आठनं किती होतं ते मला जमत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? तुझी चिठ्ठी आली त्या दिवशी मी मांडून बघितलं. ऐंशीचे पस्तीस हप्ते राहत होते.”

“मग?” वहिनी म्हणाली. “मला बोलला नाहीत?”

“मला वाटलं, आबांनी सोडले.”

वहिनीनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

“विचारलं असतं तर कदाचित परत मागितले असते, म्हणून विचारलं नाही,” दादा म्हणाला. “आणि मग विचारण्यासारखं राहिलंच नाही. ते कुणाशी कधी गोड बोलले नाहीत. माझ्याशी तर नाहीच. पण मनात असायचं, की एकदा, माझं पोर मरायला टेकलं होतं तेव्हा, ह्या माणसानं माझ्यासाठी स्वतःचा कायदा मोडला. कुणाला न सांगता. मला वाटायचं, ते गुपित आहे आमच्या दोघांतलं. म्हणून मी त्यांच्या कायद्याची बाजू घ्यायचो. एवढं तरी मी करायला हवं, असं.”

तिनं हे कधी मोजलंच नव्हतं. दोन हजार आठशे मोजले होते, पस्तीस महिने मोजले होते. भावाच्या उशाशी अडतीस वर्षं एक बाप ठेवला होता आणि आज तो काढून घेतला, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

“दादा, मी हे—”

“नाही नाही. बरं केलंस.” त्यानं हात पुढे केला. “पेन दे.”

तिनं दिलं. त्यानं आपल्या पानावर, पस्तीस हप्त्यांच्या बाजूच्या समासात, कंस काढला, सरळ, पट्टीनं आखल्यासारखा, आणि आपल्या गोल अक्षरात लिहिलं: हे बहिणीनं भरले. खाली आजची तारीख.

“आज व्याज लावलं तर किती होतात?” धाकट्यानं जरा हलकं करायला विचारलं.

“अकरा हजार तीनशे बारा,” दादा म्हणाला. एका दमात. म्हणजे त्याचं तेही मांडून झालं होतं.

“एवढेच?” वहिनी म्हणाली. “अडतीस वर्षांचे? यात नातीची पुस्तकं तरी येतील का?”

“ते मला नकोत,” आत्या म्हणाली.

“तुला कोण देतंय? पेटीत टाका. आणि माझ्या बांगड्यांचं कधीचं चाललंय मोडायचं, त्यातलेही टाका. पण वहीत लिहू नका बाई काही. ह्या वहीत लिहिलं की खोटं होतं.”

कानवाली पहिल्यांदा हसली. मग दादानं पानं उलटून तिचं पान काढलं. वर आत्याचं नीटस अक्षर, नऊ वर्षांचं. तो थांबला.

“टाचणे, तू लिहितेस?”

“मी नाही लिहिणार. ह्या वेळी सगळ्यांसमोर होऊ दे.”

“काय लिहू?”

“जे झालं ते.”

त्यानं लिहायच्या आधी नातीकडे पाहिलं. “तुझे सगळे सहा लाख कुठून येतील ते मला आज सांगता येत नाही. कमी पडतील. पहिल्या वर्षाचे आहेत, पुढचं आपण सगळे मिळून बघू, कदाचित नीट जमणार नाही. चालेल?”

“मला व्याज किती असेल?”

“शिकतेयस तोवर शून्य. आजारपणात शून्य. पुढचं तू कमवायला लागलीस की आपण बसू आणि भांडू.”

“असं लिहून द्या,” नात म्हणाली.

“बघ, आबांची पणती आहे,” दादा म्हणाला, आणि कानवालीच्या पानावर लिहिलं: मुद्दल चार लाख, पुरतं आलं. व्याज आम्ही घेतलं नाही. मग पेन टेबलावर फिरलं. वहिनीनं सही केली, धाकट्यानं केली, आत्यानं केली. कानवालीनं आपलं पाकीट उघडून एक लाख वीस हजार टेबलावर ठेवले, आणि आत्यानं ते सवयीनं मोजले, दोनदा, कारण मोजणं हा काही अविश्वास नव्हे. नंतर धाकट्यानं सगळ्यांना पुढच्या खोलीत चहाला नेलं. कानवाली जाता जाता दाराशी फोनवर बोलत होती, हो, महिनाअखेर नको, उद्याच येते, किल्ली तयार ठेवा.

दादा मागं राहिला. आत्या चादरींच्या चळतीशी गेली. उरलेल्यांच्या घड्या एकटीला घालता येणार नव्हत्या, म्हणून नुसती उभी राहिली.

“रागावलास?”

“कशाला?” तो म्हणाला. “मी वजाबाकी करतोय.”

तिनं चळतीचा काठ सरळ केला.

“आबांना कधी कळलं होतं? शेवटी तरी? तू सांगितलंस?”

एक शब्द पुरला असता. ‘हो’ म्हटलं की त्याचं निम्मं तरी त्याला परत मिळालं असतं. आत्याच्या ओठांवर तो शब्द आला आणि टाचणीसारखा तिनं तो तिथंच धरला.

“नाही, दादा. कळलं असतं तर त्यांनी माझ्याकडूनही व्याज घेतलं असतं.”

दादा हसला. हसता हसता त्याला खुर्चीत बसावं लागलं. मग हसू ओसरलं आणि तो तसाच बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर, म्हातारा.

“पण माझं खोटं नव्हतं,” तो म्हणाला. “दोघांतलं गुपित होतं, आणि दोघंच होतो त्यात. फक्त दुसरं माणूस तू निघालीस.”